ट्रॅक्टरच्या धुराड्यातून इंजिनात जाणारं पाणी: ते येतं कुठून आणि अडवायचं कसं

बहुतेक ट्रॅक्टरचा सायलेन्सर बोनेटमधून सरळ वर गेलेला असतो आणि त्याच्या पाइपाचं तोंड आकाशाकडे असतं. ही रचना विचारपूर्वक केलेली आहे. धूर चालकाच्या डोक्यावरून निघून जातो, वाळलेल्या गवताला गरम झळ लागत नाही आणि चिखलपाण्यात काम करताना पाइपाचं तोंड पाण्याखाली जात नाही. पण पावसालाही इंजिनात उतरायला हीच सरळ वाट मिळते. इंजिन चालू असताना काळजी नसते. गरम धूर जोरात बाहेर येत असतो, चुकून आत पडलेला थेंब वाटेतच वाफ होऊन उडतो. धोका असतो तो पावसात बंद उभ्या असलेल्या ट्रॅक्टरला.

या विषयाकडे अनेक जण पाइप गंजण्याचा प्रश्न म्हणून पाहतात. पाइप गंजला तर दुसरा बसवू, असं म्हणून सोडून देतात. मला हे पटत नाही, कारण पाणी पाइपात थांबत नाही. झाकण बसवायचं ते पाइपासाठी कमी आणि खालच्या सिलिंडरांसाठी जास्त.

पाणी कुठवर पोहोचतं

पाइपाच्या तोंडातून आत गेलेलं पाणी आधी सायलेन्सरच्या नळकांड्यात उतरतं. तिथे आतले पडदे आणि जाळीदार नळ्या त्याला थोडं अडवतात. काही पाणी तिथेच साचतं, उरलेलं खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये येतं. मॅनिफोल्ड म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा ओतीव लोखंडाचा भाग, इंजिनाच्या हेडला बोल्टांनी जोडलेला. तिथून पुढे प्रत्येक सिलिंडराच्या दाराशी एक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह असतो. तो बंद असेल तर पाणी त्याच्या पाठीवर थांबतं. उघडा असेल तर सरळ सिलिंडरात, पिस्टनच्या डोक्यावर पडतं.

मग प्रश्न असा की इंजिन बंद असताना हे व्हॉल्व्ह मिटलेले नसतात का? नसतात. इंजिन जिथे थांबतं तिथे व्हॉल्व्ह जसेच्या तसे राहतात. चार-स्ट्रोक इंजिनात एक पूर्ण आवर्तन व्हायला क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, दोनदा फिरते, म्हणजे ७२० अंश. त्यातले साधारण २३० ते २५० अंश प्रत्येक सिलिंडराचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा असतो. चार सिलिंडरांच्या इंजिनात सिलिंडरांची पाळी दर १८० अंशांनी येते. त्यामुळे इंजिन कुठेही थांबवा, एक तरी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा सापडतोच. तीन सिलिंडरांत पाळी दर २४० अंशांनी येते, तिथेही जवळपास नेहमी एक उघडा असतो. ‘आमच्या ट्रॅक्टरला आजवर काही झालं नाही’ असं कुणी म्हणत असेल, तर त्याचे व्हॉल्व्ह बंद होते असं नव्हे. पाणी तिथवर पोहोचण्याइतकं पडलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

किती पाणी पुरेसं असतं, याचा हिशेब कुणालाही करता येतो, आणि तो केल्यावर चित्र बदलतं. पाइपाचा आतला व्यास ५० मिलिमीटर धरा. तोंडाचं क्षेत्रफळ होतं सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर. अशा उघड्या पाइपावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर आत सुमारे १९६ मिलिलिटर पाणी गेलं. व्यास ६० मिलिमीटर असेल तर तेवढ्याच पावसात २८० मिलिलिटरच्या पुढे.

आता सिलिंडराकडे बघू. तीन सिलिंडरांचं २५०० सीसीचं डिझेल इंजिन घेतलं तर प्रत्येक सिलिंडराच्या वाट्याला ८३३ सीसी येतात. कॉम्प्रेशनचं प्रमाण, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरातली हवा किती पट दाबली जाते ते, १८ ला १ असेल, तर पिस्टन अगदी वर आल्यावर त्याच्या डोक्यावर उरणारी जागा फक्त ४९ सीसी असते. म्हणजे ४९ मिलिलिटर. पाइपात गेलेल्या १९६ मिलिलिटरपैकी पाव भाग जरी एका सिलिंडरात उतरला, तरी ती सगळी जागा पाण्याने भरते. प्रत्यक्षात बरंच पाणी सायलेन्सरमध्ये अडकतं, काही मॅनिफोल्डमध्ये पसरतं, काही सुकतं. पण पावसाच्या अनेक दिवसांत थोडंथोडं करून पाव भाग खाली पोहोचणं मुळीच अवघड नाही.

हवा दाबली जाते, पाणी जवळपास दाबलंच जात नाही. पिस्टन वर येताना डोक्यावर पाणी असेल तर तो अर्ध्या वाटेत अडतो. सेल्फ मारल्यावर ‘टक्’ असा आवाज येऊन इंजिन थांबतं ते यामुळे. इथेच थांबलात तर बहुधा फार बिघडलेलं नसतं. मात्र बॅटरी कमी आहे असं समजून पुन्हा पुन्हा सेल्फ मारला, किंवा ट्रॅक्टर ओढून सुरू करायला गेलात आणि बाकीच्या सिलिंडरांनी पेट घेतला, तर फिरत्या इंजिनाचा सगळा जोर त्या अडलेल्या पिस्टनवर येतो. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. कधी तो मोडून इंजिनाच्या ब्लॉकला भगदाडही पाडतो.

पाणी याहून कमी असेल तर नुकसान सावकाश होतं. व्हॉल्व्हच्या सीटवर गंजाचे खड्डे पडतात आणि कॉम्प्रेशन गळायला लागतं. पिस्टनच्या रिंगा लायनरला, म्हणजे सिलिंडराच्या आतल्या भिंतीला, गंजाने चिकटतात. ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहिला तर इंजिन जाम होऊन बसतं. काही पाणी रिंगांच्या फटीतून खाली झिरपून ऑईलमध्ये मिसळतं, आणि मग बेअरिंगांपर्यंतचा मामला होतो.

दुसरं पाणी डिझेलमधून येतं

पाऊस अडवला की काम झालं, असं वाटतं खरं. पण सायलेन्सरमध्ये पाण्याचा दुसराही एक झरा असतो आणि त्याचा पावसाशी काहीही संबंध नसतो. डिझेल हे कार्बन आणि हायड्रोजनचं बनलेलं इंधन. जळताना त्यातला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो आणि पाणी तयार होतं. प्रमाण ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं: एक लिटर डिझेल जळलं की सुमारे एक लिटर पाणी बनतं. ते वाफेच्या रूपात धुराबरोबर निघून जातं म्हणून एरवी दिसत नाही.

निघून जातं ते मात्र सायलेन्सर गरम असेल तरच. इंजिन थंड असताना सायलेन्सरचा पत्राही थंड असतो, आणि थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून थेंब जमतात तसे इथे आतून जमतात. ट्रॅक्टर चांगला अर्धा तास ओझ्याखाली चालला तर पत्रा तापतो आणि हे थेंब पुन्हा वाफ होऊन बाहेर पडतात. पाच-दहा मिनिटं चालवून बंद केला, तर ते आतच राहतात.

म्हणूनच उभ्या ट्रॅक्टरला ‘आठवड्यातून एकदा पाच मिनिटं सुरू करायचा’ ही सवय फायद्यापेक्षा तोट्याची आहे. त्या पाच मिनिटांत सायलेन्सरला नवं पाणी मिळतं, आणि ते उडवायला लागणारी उष्णता मिळत नाही. सुरू करायचा असेल तर निदान अर्धा तास नीट ओझ्याखाली चालवावा. तेवढा वेळ नसेल तर सुरूच करू नये.

हे पाणी नुसतं पाणीही नसतं. डिझेलमध्ये थोडं गंधक असतं. ते जळून त्याचे ऑक्साइड होतात आणि पाण्याशी मिळून सौम्य आम्ल बनतं. काजळी हे आम्ल धरून ठेवते. ओली, आंबट काजळी पत्र्याला महिनोन्‌महिने चिकटून राहते आणि पत्रा आतून खात राहते. सायलेन्सर बाहेरून रंगवलेला, चकचकीत दिसतो आणि एक दिवस हात लावल्यावर बोट आत जातं, त्याचं कारण हे. बाहेरून रंग देण्याला अर्थ आहे, पण रंग उष्णता सोसणारा हवा. साधा ऑईलपेंट पहिल्याच कामात करपून पापुद्रे धरतो. आतल्या गंजावर मात्र कोणताच रंग चालत नाही. तिथे उपयोग होतो तो आत पाणी साचू न देण्याचा.

काही सायलेन्सरांना त्यासाठी तळाशी एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. साचलेलं पाणी त्यातून ठिबकून जातं. काजळीने ते बुजतं, आणि पुष्कळदा ‘इथून धूर येतो, गळतंय’ असं म्हणून कुणीतरी त्यावर वेल्डिंग मारून टाकतं. आपल्या सायलेन्सरला असं भोक आहे का हे एकदा शोधा, असेल तर बारीक तारेने मोकळं करा, आणि कुणाला ते बंद करू देऊ नका. त्यातून येणारा किंचित धूर हा दोष नाही.

पाइपातून काळे थेंब उडून बोनेटवर ठिपके पडत असतील, तर ते कशाचे आहेत हे बोटांनी चोळून कळतं. पाणी आणि काजळी असेल तर थोड्या वेळात सुकून भुकटी उरते. चिकट, तेलकट राहिलं तर ते अर्धवट जळलेलं डिझेल किंवा ऑईल आहे. ट्रॅक्टर तासन्‌तास हळू आयडलवर ठेवला की असं होतं. सिलिंडरात डिझेल फवारणारं नोझल किंवा रिंगा खराब झाल्यानेही होतं. त्याला कितीही चांगलं झाकण लावून उपयोग नाही.

झाकण कसं असावं

पाणी वरून येतं आणि आतूनही तयार होतं, हे लक्षात घेतलं की झाकणाची परीक्षा सोपी होते. पाऊस आत जाऊ नये, आणि आतली वाफ कोंडू नये. पाइपाचं तोंड घट्ट बंद केलं म्हणजे तो कोरडा राहिला असं होत नाही. गरम सायलेन्सरला लगेच बूच मारलं तर आतली सगळी वाफ थंड होऊन तिथेच उतरते.

सगळ्यात चांगला उपाय म्हणजे बिजागरीची झडप. पाइपाच्या तोंडावर क्लॅम्पने बसणारी, मागच्या बाजूला छोटं वजन असलेली लोखंडी टोपी. इंजिन सुरू झालं की धुराच्या दाबाने ती उघडते, बंद झालं की आपोआप पडते. माणसाच्या आठवणीवर ती अवलंबून नसते, हा तिचा मोठा गुण. ती पाणबंद नसते आणि नसावीही. कडेच्या फटीतून वाफ निघून जाते. घेताना पाइपाचा बाहेरचा व्यास मोजून घ्या. सैल टोपी क्लॅम्प आवळून बसवली तर तिरकी बसते आणि झडप अर्धवट उघडी राहते.

बसवताना दिशा बघा. झडप उघडली की धूर बिजागरीच्या उलट्या बाजूला वळतो. बिजागरी पुढच्या बाजूला ठेवली तर धूर नेमका चालकाच्या तोंडावर येईल. एअर क्लीनरचं तोंड जवळ असेल तर त्याच्याकडेही धूर वळता कामा नये. ट्रॅक्टर उभा करताना झडपेची मोकळी कड वाऱ्याकडे आली तर जोराचा वारा ती उचलतो, मग पाऊस आत. शक्य असेल तर ट्रॅक्टर त्या हिशेबाने वळवून लावावा.

झडपेचं दुखणं एकच: काजळी आणि गंजाने तिची पिन अडकते. उघडी अडकली तर ती असून नसल्यासारखी. अर्धी मिटलेली अडकली तर धुराला अडथळा होतो, इंजिनाची ताकद कमी होते आणि ते जास्त तापतं. थंड पाइपावर बोटाने झडप उचलून सोडा. तिने स्वतःच्या वजनाने पटकन पडायला हवं. अडखळली तर पिन तारेच्या ब्रशने साफ करा. तिथे ग्रीस किंवा ऑईल घालायचा मोह होतो, पण ते उष्णतेने जळून कडक कोळसा बनतं आणि पिन आणखी घट्ट होते. कोरडी ग्रॅफाइटची पूड किंवा जास्त उष्णता सोसणारं तांब्याचं अँटीसीझ वापरावं. आयडलवर झडप खडखडते ते स्वाभाविक आहे. आवाजाचा त्रास होतो म्हणून ती तारेने बांधून ठेवू नका.

दुसरा मार्ग म्हणजे पाइपाच्या टोकाला वाक देणं, तोंड मागे आणि बाजूला वळवून. यात हलणारा भाग नाही, म्हणून अडकण्याचा प्रश्नही नाही. सरळ पडणारा पाऊस यात जवळपास जात नाही. वाऱ्याने तिरका येणारा मात्र जातो, आणि तोंड वाऱ्याच्या दिशेला असेल तर बराच. तोंड थोडं खाली झुकलेलं असेल तर चांगलं. वाक जोडताना पाण्याच्या नळाचा जस्ताचा मुलामा दिलेला पाइप वापरू नका. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं आणि ओझ्याखालचा धूर त्याहूनही गरम असू शकतो. त्यात अशा पाइपावर वेल्डिंग करताना निघणारी जस्ताची वाफ छातीत गेली की ताप भरतो.

काही जण पाइपावर कायमची छत्री बसवतात, तीन पायांवर उभी असलेली टोपी. तिची उंची महत्त्वाची. पाइपाच्या तोंडाएवढी मोकळी जागा चारही बाजूंनी मिळायला टोपी आणि तोंड यांतलं अंतर निदान व्यासाच्या एक चतुर्थांश लागतं. ६० मिलिमीटरच्या पाइपाला किमान १५ मिलिमीटर. हे अगदी तळाचं माप आहे, प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट ठेवावं, आणि पाऊस तिरका येतो म्हणून टोपीची कड पाइपाच्या बाहेर बरीच यायला हवी.

आणि मग उपडा डबा. साधा, हाताशी असणारा, आणि उभ्या ट्रॅक्टरसाठी खरोखर चांगला उपाय. डबा सैल असावा, म्हणजे हवा खेळती राहते. पत्र्याचाच असावा, प्लॅस्टिकचा डबा किंवा पिशवी गरम पाइपावर वितळून चिकटते. ट्रॅक्टर बंद केल्यावर पाइप हात लावण्याइतका थंड होऊ द्या, मगच डबा घाला. डब्याचा धोका विसरण्यात आहे. तो तसाच राहून इंजिन सुरू झालं तर उडून कुणाच्या तरी अंगावर पडू शकतो. म्हणून डबा घातला की स्टिअरिंगला लाल चिंधी बांधा, किंवा किल्लीच डब्याला अडकवून ठेवा. पाइपात चिंध्यांचा बोळा मात्र कोंबू नये. तो पाणी शोषून ओला राहतो, आत सरकला तर काढायला सायलेन्सर उतरवावा लागतो, आणि विसरला तर जळतो.

ताडपत्री घालत असाल तर आधी डबा, मग ताडपत्री. नाहीतर पाइपाचं टोक ताडपत्रीला भोक पाडतं आणि वर साचलेलं पाणी त्याच भोकातून सरळ पाइपात ओततं. ताडपत्री जमिनीपर्यंत घट्ट बांधू नका, जमिनीतली ओल वर चढून आतच कोंडते. आणि गरम सायलेन्सरवर ताडपत्री टाकणं म्हणजे आगीला आमंत्रण, हे सांगायलाच हवं.

पाइपाचं तोंड झाकलेलं असण्याचा आणखी एक लाभ: पक्षी, उंदीर, गांधीलमाश्या आत घर करत नाहीत.

धुताना काय होतं याकडेही लक्ष असू द्या. जोराच्या फवाऱ्याने बोनेट धुताना पाइपात काही सेकंदांत जाणारं पाणी मोठ्या पावसाइतकं असू शकतं. झडप असली तरी फवारा तिच्या फटीतून आत घुसतो. धुण्याआधी डबा, आणि धुतल्यावर ट्रॅक्टर थोडा वेळ कामावर.

नव्या इंजिनांत धूर स्वच्छ करणारी गाळणी, उत्प्रेरक आणि धूर मोजणारे सेन्सर सायलेन्सरच्या जागी बसवलेले असतात. हे सेन्सर आतून तापवलेल्या सिरॅमिकचे असतात आणि तापलेल्या सिरॅमिकवर पाण्याचा थेंब पडला तर ते तडकतं. अशा ट्रॅक्टरवर घरगुती वाक किंवा छत्री बसवू नका. कंपनीने दिलेलं टोक तसंच ठेवून फक्त उभा असताना झाका.

टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारा पंखा) असलेला ट्रॅक्टर ट्रकवर किंवा ट्रेलरवर लादून नेताना पाइपाचं तोंड बांधून झाकावंच, मग पाऊस असो वा नसो. वाऱ्याच्या झोताने टर्बोचं चाक फिरत राहतं आणि इंजिन बंद असल्याने त्याच्या बेअरिंगला ऑईल मिळत नसतं.

पाणी गेलं आहे अशी शंका आली तर

पाऊस होऊन गेलाय, झाकण उडालेलं दिसतंय, किंवा सेल्फ मारल्यावर इंजिन ‘टक्’ करून अडलंय. पहिली गोष्ट: पुन्हा सेल्फ मारू नका, आणि ट्रॅक्टर ओढून सुरू करायचा तर विचारही नको. गंजाने जाम झालेलं इंजिन गिअरमध्ये ओढून सोडवायला गेल्यावर रिंगा तुटतात, रॉड वाकतात.

आधी डिपस्टिक, म्हणजे ऑईलची पातळी मोजायची पट्टी, काढून बघा. ऑईलची पातळी वाढली असेल किंवा ते दुधट दिसत असेल तर पाणी खालपर्यंत पोहोचलं आहे. डिपस्टिकवर ऑईल स्वच्छ दिसलं तरी निश्चिंत होऊ नका, कारण पाणी ऑईलहून जड असतं. ट्रॅक्टर काही दिवस उभा असेल तर ते इंजिनाखालच्या ऑईल चेंबरच्या तळाशी बसतं. ड्रेनचा बोल्ट अगदी हळू सैल केला की ऑईलच्या आधी पाणीच येतं.

पुढचं काम अनुभवी मेकॅनिकच्या हातून करून घेतलेलं बरं, पण ते कसं व्हायला हवं हे माहीत असावं. डिझेल बंद करायची वायर ओढून ठेवायची, सगळी नोझलं काढायची, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला वाट मिळते. मग क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने सावकाश फिरवायचं, निदान दोन पूर्ण फेरे, म्हणजे प्रत्येक सिलिंडराचं एक आवर्तन होतं. नोझलांच्या भोकांसमोर तोंड नेऊ नये. तिथून पाणी पिचकारीसारखं उडतं आणि डोळ्याला इजा होते. कुठे अडलं तर जोर करू नये. सिलिंडरात गंज सोडवणारं तेल घालून एक-दोन दिवस मुरू द्यावं आणि पुन्हा हळू प्रयत्न करावा.

हाताने मोकळं फिरायला लागलं की प्रत्येक सिलिंडरात थोडं इंजिन ऑईल घालून आणखी फिरवायचं. मग नोझलं काढलेली असतानाच थोडा सेल्फ मारायचा, उरलेलं पाणी उडून जातं. जुनं ऑईल आणि फिल्टर बदलून, नोझलांना नवे तांब्याचे वायसर टाकून ती बसवायची. सुरू झाल्यावर काही मिनिटं पाइपातून पांढरी वाफ येईल, ती थांबली पाहिजे. एखादा सिलिंडर मारत नसेल, ठोका ऐकू येत असेल किंवा पांढरा धूर थांबत नसेल, तर त्या सिलिंडराचं कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. रॉड किंचित जरी वाकला असला तरी पिस्टन पूर्वीइतका वर येत नाही आणि कॉम्प्रेशन कमी भरतं. असा रॉड काही दिवस चालतो आणि मग ऐन कामात मोडतो, म्हणून ही तपासणी टाळू नये.

सगळं ठीक निघालं तर ट्रॅक्टर तासभर ओझ्याखाली चालवा, सायलेन्सर पूर्ण सुकू द्या, आणि गरम असतानाच ऑईल पुन्हा एकदा बदला. पहिल्या बदलात न निघालेलं पाणी या दुसऱ्या ऑईलबरोबर बाहेर येतं.